उस्ताद, इंजन उतरवायच्या आधी एक कागद लिहून द्या

राम राम भाऊ लोकांनो,

धुळे, जळगाव, नंदुरबार आणि मधलं शिरपूर, चोपडा, पारोळा, चाळीसगाव, ज्याच्या ज्याच्या गॅरेजात चेन-पुली टांगलेली आहे नि जो जो "इंजन बदलून देतो ना, काय त्यात" असं म्हणतो, त्या सगळ्या मिस्त्री, उस्ताद, फिटर भाऊंना हे पत्र आहे. कोणा एकावर राग काढायला लिहीत नाहीये. ज्याने माझ्या गाडीत दुसरं इंजन टाकलं त्याचं नाव-गाव पण सांगणार नाही, कारण खरं सांगू का, चूक त्याची निम्मी नि माझी निम्मी आहे, आणि जे त्याने केलं ते तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी केलं असतं.

गाडी कोणती ते आधी सांगतो. 1998 ची टेम्पो ट्रॅव्हलर, ठेंगणी, चौकोनी तोंडाची, दोन सीटच्या मधे इंजनाचं कव्हर येतं तीच. 2016 ला घेतली, मागच्या सीटा काढल्या, दोन पाट, एक ओटा, पाण्याची टाकी, वर सोलरची एक प्लेट. लोकं हसायची, आता कॅम्पर व्हॅन म्हणतात तर मान देतात. तोरणमाळचा सातपायरी घाट, पाटणादेवी, उनपदेव, सारंगखेड्याची जत्रा, सगळीकडे हिच्यात झोपलोय. सारंगखेड्याला तर तापीकाठी घोड्यांच्या शेजारी चार रात्री काढल्या, सकाळी उठून बघतो तर एका घोड्याने आमच्या बाहेर वाळत घातलेल्या टॉवेलचा निम्मा भाग खाल्लेला. असो.

इंजन म्हणजे मर्सिडीजच्या ओएम 616 या घराण्याचं, चार सिलिंडर, टर्बो नाही, कॉम्प्युटर नाही, पंप नि नोझल, बस. जर्मनीत हेच घराणं 240 डी नावाच्या कारमध्ये होतं, तिथे त्याची ताकद 72 घोडे नि टॉर्क 137 न्यूटन मीटर. म्हणजे सव्वादोन-अडीच टनाच्या गाडीला फार नाही. कन्नड घाट चढताना दुसरा गिअर नि मागे पन्नास गाड्यांची वरात. पण चढायची.

2024 च्या उन्हाळ्यात तिने त्रास द्यायला सुरुवात केली. सकाळी सेल्फ मार मार मारावा लागायचा, ब्रिदरमधून (इंजनाच्या पोटातली हवा बाहेर सोडणारी नळी) धूर फेकायची, हजार किलोमीटरला लिटर-दीड लिटर ऑइल खायची, आणि भुसावळच्या पुढे 45 च्या उन्हात काटा लालला टेकायचा. गॅरेजात नेली. उस्तादांनी बोनेट उघडलं, ऑइलचं झाकण काढून त्यावर हात धरला, एक रेस मारली नि म्हणाले, "भो, हाई इंजन मरी गयं." झालं निदान. दोन मिनिटात. कॉम्प्रेशनचा, म्हणजे सिलिंडरमधला दाब मोजायचा गेज तिथेच भिंतीवर खिळ्याला लटकला होता बरं का, त्याच्यावर धूळ होती.

मग ठरलं स्कॉर्पिओचं एमहॉक नावाचं डिझेल इंजन टाकायचं. मीच जास्त उड्या मारत होतो, खोटं कशाला बोलू. 2.2 लिटर, 120 घोडे, 290 न्यूटन मीटर, एका अपघाताच्या 2012 च्या गाडीचं इंजन, गिअरबॉक्स, वायरिंग सगळं एकत्र मिळत होतं. रेट सांगितला एक लाख वीस हजार, दहा दिवसात गाडी हातात. मी विचारलं अजून काही लागेल का, तर म्हणाले "टेन्शन नको लेऊ, बठ्ठं व्हई जाई", म्हणजे सगळं होऊन जाईल. हे "बठ्ठं व्हई जाई" मला दोन लाख पंच्याऐंशी हजाराला नि साडेपाच महिन्याला पडलं, आणि शेवटी झालं तर काहीच नाही.

आता काय काय झालं ते सांगतो, तुम्हाला माहीत असेलच, पण गिऱ्हाईकाच्या बाजूने ऐका एकदा.

पहिलं फौंडेशन. जुन्या इंजनाचे पाय चेसीवर जिथे बसतात तिथे नवीनचे बसत नाहीत हे कोणालाही कळतं, नवीन ब्रॅकेट करावे लागणार. पण इंजन खाली सोडल्यावर कळलं की ऑइल चेंबर समोरच्या क्रॉसमेंबरला टेकतंय. यावर दोन उपाय, चेंबर कापून बदलायचं नाहीतर इंजन वर-मागे सरकवायचं. आमच्याकडे तिसरा उपाय झाला. मी चहा प्यायला गेलो नि परत येईपर्यंत गॅस कटरने क्रॉसमेंबरला चंद्रकोर पाडली होती. भाऊ, तो चेसीचा आडवा हात आहे, तो कापला की दोन्ही बाजू एकमेकीपासून मोकळ्या होतात, नंतर वरून पट्टी वेल्ड केली ती काय तेवढी ताकद देणार. महिनाभराने ड्रायव्हर साइडचा दरवाजा लागताना वरच्या कोपऱ्यात घासायला लागला तेव्हा मला ते समजलं, तोपर्यंत मी पण खूष होतो की बसलं बाबा एकदाचं.

मग गिअरबॉक्स. तो इंजनासोबत आला म्हणून दोघांना जोडायला मधे अडॅप्टर प्लेट करायची गरज नव्हती, हे चांगलं. पण त्याची लांबी वेगळी, म्हणून प्रॉपेलर शाफ्ट (गिअरबॉक्सपासून मागच्या धुऱ्यापर्यंतचा फिरता दांडा) कापून लेथवाल्याकडे जोडला, बॅलन्सिंग केलं नाही कारण "हळूच चालवता ना तुम्ही". साठच्या पुढे सगळी गाडी थरथरायची, ओट्यावरची स्टीलची डबडी भजन करायची. दोन महिन्यात शाफ्टच्या जॉइंटचा क्रॉस गेला. गिअरचा दांडा आधी जिथे होता तिथून वीतभर मागे आला, म्हणजे माझ्या पाटाच्या पायथ्याशी, तिसरा टाकला की उशीला लागायचा. स्पीडोमीटरची जुनी केबल, नव्या गिअरबॉक्सला सेन्सर, दोघांची भाषाच वेगळी, म्हणून शेवटपर्यंत काटा शून्यावर. मोबाईलवर स्पीड बघायचो.

आणि मागचं क्राऊन-पिनियन, म्हणजे मागच्या धुऱ्यातले गिअर! त्याबद्दल तर कोणी चकार शब्द काढला नव्हता. ते जुन्या कमी ताकदीच्या इंजनासाठी केलेलं, इंजनाने भरपूर फिरायचं नि चाक कमी फिरवायचं या हिशोबाचं. त्यावर दुप्पट टॉर्कचं इंजन लावलं तर पहिला गिअर फक्त नावाला, लगेच दुसरा लगेच तिसरा, आणि पाचव्यात ऐंशीला इंजन उगाच ओरडतंय. म्हणजे नवीन इंजनाचा जो फायदा, हायवेला आरामात चालायचं नि डिझेल वाचवायचं, तोच हातात आला नाही. मायलेज अकरावरून साडेअकरा झालं. अर्धा किलोमीटर वाढला म्हणून पेढे वाटायचे का आता? आणि दुप्पट जोर आला तो ज्या धुऱ्यावर, ज्या जॉइंटवर, ज्या ब्रेकवर आला ते सगळे 1998 चेच, त्यांना कोणी विचारलं होतं का.

गरम मारायचं थांबेल म्हणून तर हे सगळं केलं, पण गरम मारायचं वाढलं. रेडिएटर स्कॉर्पिओचा, तो ट्रॅव्हलरच्या तोंडात आडवा मावेना म्हणून तिरका बसवला, पंख्याभोवतीचं प्लास्टिकचं कडं काढून टाकलं, त्यामुळे पंखा रेडिएटरमधून हवा ओढायच्या ऐवजी आजूबाजूचीच गरम हवा घुसळत बसायचा. इंटरकूलर (टर्बोची गरम हवा थंड करणारी जाळी) त्याच्याच पुढे, म्हणजे रेडिएटरला आधीच तापलेली हवा. आणि कूलंटची बाटली जागा नाही म्हणून खाली, हेडच्या म्हणजे इंजनाच्या माथ्याच्या लेव्हलच्या खाली लावली. बाटली सगळ्यात उंच पाहिजे, नाहीतर सिस्टिममधली हवा वर कुठे निघणार, ती हेडमध्येच बसून राहते नि एअरलॉक होतो, वरून कूलंट भरलेलं दिसतं नि आत हेड कोरडं. हे मला चौथ्या वेळेला मुक्ताईनगरच्या अलीकडे रस्त्याच्या कडेला उभं असताना एका ट्रकवाल्या पंजाबी पाजींनी दाखवलं. त्यांनी नुसती बाटली सुतळीने वर बांधली, होज ढिला करून हवा काढली, आणि मी तिथून घरापर्यंत काटा अर्ध्यावर ठेवून आलो. पैसे घेतले नाहीत, केळी दिली मी.

पण ज्या गोष्टीसाठी मी हे पत्र लिहायला बसलो ती वेगळीच आहे. डिझेल गाडीला ब्रेकचा बूस्टर, म्हणजे पायाचा जोर वाढवणारा डबा, चालवायला व्हॅक्यूम पंप लागतो हे तुम्हाला मी काय सांगू. नवीन इंजनात त्याचा पाईप दुसऱ्या बाजूने फिरवून, सायलेन्सरच्या जवळून आणला होता, आणि व्हॅक्यूमचा जाड होज नव्हता म्हणून साधा डिझेलचा पाईप लावला होता. थंडीत चाललं. एप्रिलमध्ये वेरूळहून परत येताना कन्नड घाट उतरत होतो, घरचे सगळे मागे, बायको शेव-मुरमुरे कालवतेय, आणि तिसऱ्या वळणाला ब्रेक दाबला तर पेडल दगड. पाईप तापून मऊ झाला होता नि आतल्या ओढीने चपटा होऊन चिकटला होता. ब्रेक पूर्ण गेला नव्हता, बूस्टर गेला की नुसत्या पायाच्या जोरावर लागतो, पण किती जोर ते ज्याने दाबलंय त्यालाच माहीत. मी सीटला पाठ रेटून उभाच राहिलो पेडलवर, दुसरा गिअर घातला, हँडब्रेक ओढला, नि डोंगराच्या बाजूला नालीत चाक घालून थांबलो. कोणाला काही झालं नाही. बायको एवढंच म्हणाली, "मुरमुरे सांडले." ती घरी गेल्यावर रात्री रडली.

पन्नास-साठ रुपये फुटाचा होज, भाऊ. पैसे मागितले असते तर मी दिले नसते का? मी लाखात पैसे मोजत होतो.

बाकी किरकोळ भानगडी पटकन सांगतो. एमहॉकसारख्या कॉमन रेल (एकाच नळीतून सगळ्या इंजेक्टरला जास्त प्रेशरचं डिझेल देणाऱ्या) इंजनाला जुनी गंजकी टाकी चालत नाही, जुन्या नोझलला शे-सव्वाशे बारचं प्रेशर नि याला हजाराच्या वर कितीतरी, त्यात गंजाचा एक कण गेला की इंजेक्टर गेला, माझे दोन गेले. चावीचा इमोबिलायझर (चोरीपासून वाचवणारं कुलूप) नि ईसीयू (इंजनाचा कॉम्प्युटर) एकमेकांना ओळखतात, चावी दुसऱ्या गाडीची आणली तर सेल्फ फिरतो पण गाडी स्टार्ट होत नाही, यात अकरा दिवस गेले. ईसीयू पायाशी बसवला, तिथे उंदीर आला. कॅम्पर गाडीत खायचं सामान असतं, उंदीर येणारच, जुन्या इंजनात त्याने वायर खाल्ली तर हॉर्न बंद पडायचा, नव्यात अख्खी गाडी.

आणि कागद. मी विचारलं होतं इंजन नंबरचं काय, तर उत्तर मिळालं "कोण बघतं". बघतात हो. 1998 ची गाडी, तिचं रजिस्ट्रेशन पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी रिन्यू करावं लागतं, 2023 ला केलं तेव्हा फी पाच हजार भरली, आता 2028 ला परत इन्स्पेक्शन आहे आणि तिथे पहिलं काम चेसी नंबर नि इंजन नंबर बघायचं. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 सरळ म्हणतं की कंपनीने जे मूळ स्पेसिफिकेशन दिलं त्याच्याशी आरसी बुकातला तपशील विसंगत होईल असा बदल मालकाने करायचा नाही. सुप्रीम कोर्टाने जानेवारी 2019 मध्ये यावरच निकाल दिलाय. आणि 2019 च्या दुरुस्तीत त्याच कायद्यात कलम 182अ आलं, त्याच्या चौथ्या पोटकलमात बेकायदा बदलाला मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा एका बदलाला पाच हजार दंड, किंवा दोन्ही. मालकाला म्हणजे मला, तुम्हाला नाही, म्हणून कदाचित तुम्हाला "कोण बघतं" म्हणणं सोपं जातं. राग नका मानू. तेच त्याच प्रकारचं इंजन बदललं तर आधी आरटीओची परवानगी घेऊन नवीन नंबर बुकात चढवता येतो, त्यात लपवायचं काही नाही. पण इन्शुरन्सच्या पॉलिसीवर पण इंजन नंबर असतो, त्या घाटात काही झालं असतं तर कंपनीने सगळ्यात आधी नंबर ताडून पाहिला असता.

(इथे आरटीओच्या साहेब लोकांना पण एक शब्द, कोणी वाचत असेल तर. डिझेल इंजन काढून मान्यताप्राप्त किटची बॅटरी-मोटर टाकायला कायद्यात वाट आहे, सीएनजीला आहे, मग हे सामान्य माणसाला कळेल अशा मराठीत, एका पानावर, काय चालतं नि काय चालत नाही, असं गेटवर लावायला काय हरकत आहे? आता जो तो गॅरेजवाल्याला विचारतो नि गॅरेजवाला "कोण बघतं" म्हणतो. आणि हो, आतले पाट नि ओटा मी पण 2016 ला कोणाला न विचारताच केले होते, ते पाप माझंच आहे.)

जुनं इंजन घेताना अजून एक. ज्या गाडीतून काढलं तिच्या आरसीची झेरॉक्स नि विकणाऱ्याचं बिल घेतल्याशिवाय इंजनाला हात लावू नका. एनसीआरबीच्या (सरकारचा गुन्ह्यांची नोंद ठेवणारा विभाग) वाहन समन्वय साइटवर इंजन नंबर टाकून गाडी चोरीची आहे का ते बघता येतं, दोन मिनिटाचं काम आहे. हे आमच्या उस्तादांनी केलं होतं, त्यांचं हे मी मान्य करतो, बिल माझ्याकडे आहे.

मग शेवटी काय केलं? घाटानंतर गाडी महिनाभर अंगणात उभी राहिली. नंतर एका दुसऱ्या म्हाताऱ्या मिस्त्रीकडे गेलो, आधी ट्रॅक्टरच करायचे ते. त्यांनी पहिला प्रश्न विचारला की जुनं इंजन कुठंय. नशीब बघा, उस्तादांच्या गॅरेजामागे ते पडलेलं होतं, भंगारवाला त्याचे साडेनऊ हजार देत होता नि मीच "बघू नंतर" म्हणून ठेवलं होतं. म्हाताऱ्या बाबांनी ते दोन लाकडाच्या ओंडक्यांवर ठेवलं, सेल्फ नि बॅटरी जोडली, नोझल काढून गेज लावला. दोन सिलिंडरला वीस बारच्या वर, दोनला तेरा-चौदा. या इंजनाला पंधराच्या खाली चालत नाही म्हणे. "मेलं नाही, दोन पायांनी लंगडतंय", असं म्हणाले. सिलिंडर बोअर (आतून घासून मोठं) करून ओव्हरसाईज पिस्टन, नवीन रिंगा, हेड फेसिंग, व्हॉल्व्हचं काम, पंप-नोझल कॅलिब्रेशन, चार हीटर प्लग, नि रेडिएटर उघडून आतल्या नळ्या साफ केल्या, त्या निम्म्या खाऱ्या पाण्याने बुजलेल्या होत्या. बोअरच्या विहिरीचं पाणी घालत होतो ना मी सगळी वर्षं! म्हणजे गरम मारायचं मूळ कारण इंजन नव्हतंच. सगळं मिळून ब्याऐंशी हजार. क्रॉसमेंबर नवीन बनवून रिव्हेट केला ते वेगळं. नंबर तोच, बुक तेच. घाट अजूनही दुसऱ्यातच चढते, मागे वरात असतेच.

आता माझी मागणी. मी असं म्हणत नाही की दुसरं इंजन टाकूच नका, काही गाड्यांना पार्टच मिळत नाहीत, तिथे काय करणार माणूस. पण जुनं इंजन चेनला लटकवायच्या आधी बिलाच्या पाठीमागे पेनाने लिहून द्या. चारही सिलिंडरचं कॉम्प्रेशन किती आलं. नवीन इंजनासोबत काय काय बदलणार, फौंडेशन, चेंबर, शाफ्ट, क्राऊन-पिनियन, रेडिएटर, व्हॅक्यूम, ब्रेक, टाकी, वायरिंग, आणि यातलं काय बदलणार नाही नि का. चेसीला कटर लावणार का. बुकात नंबर कोण चढवणार. खाली सही करा, गिऱ्हाईकाची पण घ्या. असा कागद बघून दहातले सात गिऱ्हाईक म्हणतील राहू द्या, आहे तेच बोअर करा. तुमचं नुकसान नाही त्यात, बोअरचं काम पण तुमच्याकडेच येणार आहे, आणि साडेपाच महिने माझ्यासारखा माणूस रोज सकाळी येऊन तुमच्या स्टुलावर बसून "आज होईल का" असं विचारणार नाही.

एक काम आहे, राहिलं सांगायचं. ते एमहॉक इंजन सध्या आमच्या गोठ्यात पडलंय. त्याच्यावर पोतं टाकलंय नि पोत्यावर दुपारी बकरी बसते, तिला तीच जागा आवडते. बायको रोज विचारते, "घरमा पाय ठेवाले जागा नही, हाई लोखंड कोठे ठेवशात?" गिअरबॉक्स, वायरिंग, ईसीयू, चावी सगळं सोबत आहे, दोन इंजेक्टर नवे आहेत, बिल नि आरसीची झेरॉक्स पण देतो. कोणाकडे 2012 च्या आसपासची स्कॉर्पिओ असेल, जिला हेच इंजन मुळातून होतं, तर येऊन घेऊन जा. ट्रॅव्हलरवाल्याला देणार नाही.

तुमचाच,
एक ट्रॅव्हलरवाला, सुरत-नागपूर हायवेच्या कडेचा